डाव्या वळणावर पडणारा काटा

त्र्यंबकराव देवपुजारींचा देवावर विश्वास नव्हता, पूजेवर तर मुळीच नव्हता, आणि असलं आडनाव लावून असं बोलणारा माणूस शिकागोजवळच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये दुसरा नव्हता. त्यांचा विश्वास होता मीटरवर. नागपूरजवळ खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी सात वर्षं बॉयलरची मीटरं सांभाळली होती. १९६७ साली अमेरिकेत आल्यापासून ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मीटरांच्या चुका काढत होते. तिथे त्यांना टिम म्हणत. टिमची सही झाल्याशिवाय एकही मीटर दाराबाहेर पडत नसे. घरीही तोच कारभार. कुणाला ताप आला की दोन थर्मामीटर लावायचे, कारण एकाचा काय भरवसा! दूध किती अंशावर उतू जातं हे त्यांना तोंडपाठ होतं. दूध मात्र दर वेळी उतू जायचंच.

एका संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात त्यांनी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं. बोलायचं होतं दहा मिनिटं, बोलले चाळीस. तिळगूळ वाटायचा खोळंबला, पोरं रडकुंडीला आली. मांजर आडवं गेलं तर काय होतं, शनिवारी नखं कापली तर काय होतं, दारावर लिंबू-मिरची टांगली तर काय होतं, अशी एकेकाची त्यांनी साल काढली. 'काहीही होत नाही!' असं दर वेळी टेबलावर मूठ आपटून म्हणाले. तेव्हापासून लोक त्यांच्यासमोर साधं 'दृष्ट लागेल हो' म्हणायलाही बिचकत.

मंडळातले बाकीचे इंजिनिअर आणि डॉक्टर लांबलचक स्टेशन वॅगनी बाळगून होते. त्र्यंबकरावांनी १९७८ साली एक निळा जुना पिकअप घेतला, आणि तो त्यांचा जीव की प्राण होता. त्यांची एकुलती एक मुलगी दीपा सोळाव्या वर्षी गाडी शिकली ती याच पिकअपवर. शिकवण्याआधी त्यांनी तिला एक नेम लावून दिला होता. दर रविवारी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि मग वाचायची. पोरगी तो नेम मुकाट्यानं पाळायची.

तीच दीपा आता चोवीस वर्षांची होती, मिनेसोटात ईडन प्रेरीला राहत होती, एका दातांच्या दवाखान्यात काम करत होती आणि तिला सातवा महिना लागला होता. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. त्या डोहाळजेवणासाठी त्र्यंबकरावांनी अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये हीटर लावून एक बंगई बनवली होती. पुण्यामुंबईकडचे लोक झोपाळा म्हणतात ती. अमेरिकन घराच्या छताला काही कड्या पेलायच्या नाहीत, म्हणून त्यांनी ओक लाकडाचे चार तिरपे पाय केले, वर आडवी तुळई टाकली आणि तिला पितळी कड्या लावल्या. कड्या सुमित्राबाईंनी नागपूरहून सुटकेसमधून आणल्या होत्या. कस्टमवाल्यानं विचारलं, 'मॅडम, यांनी कुणाला बांधणार?' तर म्हणाल्या, 'मुलीला.' तिथे एक तास गेला.

या बंगईमागे एक जुनं देणं होतं, शब्दाचं. नागपूर सोडलं तेव्हा चार वर्षांची दीपा घरातल्या बंगईची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती, काही केल्या सोडेना. टांगा दाराशी उभा, विमानाची वेळ ठरलेली. शेवटी त्र्यंबकरावांनी तिचं एकेक बोट सोडवलं आणि सांगितलं, 'तिकडे गेलो की तुला नवी करून देईन.' त्याला वीस वर्षं झाली. दीपा ते विसरलीही असेल. त्र्यंबकराव विसरले नव्हते, आणि आता आपण आजोबा होणार या आनंदात ते गॅरेजमध्ये रंधा मारता मारता मोठ्यानं गात असत. गळा नव्हता, पण हौस दांडगी.

आणि बंगई तयार झाली, तासून, घासून, तांदळाच्या आठ पोत्यांचं वजन टाकून तपासूनही झाली, तेव्हा पिकअपचा काटा बिथरला.

काटा म्हणजे ऑइल प्रेशरचा. इंजिनात तेल नीट जोरानं फिरतंय की नाही हे तो सांगतो. तो रोज इमानदारीनं पंचेचाळीस पाउंडावर उभा असायचा. गेल्या दोन आठवड्यांपासून मात्र चालता चालता धपकन शून्यावर यायचा, अंग झटकल्यासारखा थरथरायचा आणि पुन्हा पंचेचाळीसवर जाऊन काही झालंच नाही असा चेहरा करायचा. तो खरं सांगत असेल तर इंजिन कोरडं पडून वाटेतच जाम होणार. खोटं सांगत असेल तर मग ठीक. पण खरं की खोटं हे कळल्याशिवाय चारशे मैल जायचं कसं?

गुरुवारी संध्याकाळी सुमित्राबाईंनी निकाल दिला. "अहो, उद्या संध्याकाळपर्यंत हे काट्याचं काय ते लावा. नाहीतर शनिवारी आपण कारनं जातोय. डोहाळजेवण खुर्चीवरसुद्धा होतं. फुलं लावली की खुर्चीही छान दिसते."

"खुर्ची?" त्र्यंबकरावांच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं. जेवणही गोड लागेना. डायनिंग टेबलाच्या ज्या खुर्चीवर ते बसले होते, तिच्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू तिनंच सगळा घोळ घातला असावा.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. सकाळी दहा वाजता त्यांचे मित्र डॉक्टर हेमचंद्र हजर झाले. हेमचंद्र हृदयाचे डॉक्टर, मूळचे पुण्याचे, आणि त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे ते यंत्राबद्दल फार आत्मविश्वासानं बोलत. येताना स्टेथोस्कोप घेऊन आले.

"आधी पेशंट बघतो," ते म्हणाले आणि चालू इंजिनावर नळी टेकवून डोळे मिटून उभे राहिले.

"काय ऐकू येतंय?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"ठोके रेग्युलर आहेत यार. जरा फास्ट आहेत."

"सहा सिलिंडर आहेत रे त्याला!"

"मग नॉर्मल आहे," हेमचंद्र म्हणाले. "आणि हे बघ त्र्यंबक, एका रीडिंगवर मी कुणालाही औषध देत नाही. दुसऱ्या मशीननं प्रेशर घे."

हे मात्र त्र्यंबकरावांच्या मनातलंच होतं. कारखान्यातून त्यांनी एक खात्रीचं मीटर आणलं होतं, स्वतः सही केलेलं. इंजिनाच्या कुशीला सुपारीएवढी एक पितळी गुंडी असते, तिला सेंडर म्हणतात. ती तेलाचा दाब ओळखते आणि एका वायरवरून वर काट्याला कळवते. त्र्यंबकराव गाडीखाली सरपटत गेले, ती गुंडी काढली आणि तिच्या जागी आपलं मीटर बसवलं. इंजिन चालू केलं. पंचेचाळीस. अर्धा तास तापू दिलं. तरी पंचेचाळीस. काटा तसूभर हलला नाही.

गाडीखालून त्र्यंबकरावांचा आवाज आला, "सुमित्रा! इंजिन धडधाकट आहे गं!" आणि मागोमाग त्यांचं डोकं कशाला तरी आपटल्याचाही आवाज आला.

"म्हणजे जायचं?" सुमित्राबाई दारातून म्हणाल्या.

"आता खोटं कोण बोलतंय तेवढं शोधतो."

"इंजिन चांगलं आहे तर खोटं बोलू दे की काट्याला!"

पण हे त्र्यंबकरावांना पटणं शक्य नव्हतं. उद्या वाटेत खरोखरच तेल संपलं तर कळणार कसं? शिवाय खोटं बोलणारं मीटर शेजारी घेऊन सात तास बसायचं म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. त्यांनी नवीन सेंडर बसवला, वायर जोडली. काटा पंचेचाळीसवर. वायर काढली, काटा शून्यावर. वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं, काटा पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे काटाही शहाणा, सेंडरही शहाणा. खुशीत येऊन ते एक चक्कर मारायला निघाले, आणि घराच्या कोपऱ्यावर डावीकडे वळतात न वळतात तोच काटा धपकन शून्यावर.

परत यायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली, कारण येताना ते फक्त उजवीकडेच वळत आले. उजवीकडे काटा पडत नव्हता. सरळ रस्त्यावर पडत नव्हता. घरी आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"फक्त डावीकडे!" ते म्हणाले. "चला, दोघंही चला. मला साक्षीदार पाहिजेत."

मंडळाचे कार्यक्रम ज्या चर्चच्या हॉलमध्ये व्हायचे, तिथलं पार्किंग शुक्रवारी दुपारी रिकामं असे. पिकअपच्या एका लांब सीटवर तिघं बसले. त्र्यंबकराव चालवायला, मधे सुमित्राबाई काटा वाचायला, दाराशी हेमचंद्र. त्र्यंबकरावांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवून धरलं आणि गाडी गोल गोल फिरू लागली.

"पंचेचाळीस," सुमित्राबाई वाचू लागल्या, "पंचेचाळीस... पंचेचाळीस... शून्य! अहो, शून्य! परत पंचेचाळीस... शून्य!"

"वहिनी, मी दाराला चिकटलोय," हेमचंद्र म्हणाले.

"जोरात घेऊ?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"घ्या!" म्हणाल्या सुमित्राबाई. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटून त्यांना हसू आवरत नव्हतं. चर्चची फुलझाडं शिंपणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई पहिल्या फेरीला हात हलवून हसल्या, दुसऱ्यालाही हसल्या. सातव्या फेरीला पाण्याची नळी तिथेच टाकून आत निघून गेल्या.

दहाव्या फेरीला गाडी थांबली, पण डोकी फिरतच राहिली. तिघंही पिकअपला धरून उभे राहिले. "डावीकडे वळलं की," त्र्यंबकराव झोकांड्या सावरत म्हणाले, "प्रत्येक गोष्ट उजवीकडे फेकली जाते. हेमचंद्र फेकला गेला, तसं आत काहीतरी फेकलं जातंय आणि वायरला हिसका देतंय."

बॉनेट उघडलं. वर एअर फिल्टरचा कढईएवढा डबा. एरवी तो काढायचं काही कारण नसे, पट्टी त्याच्या शेजारूनच निघायची. त्र्यंबकरावांनी तो काढला, पण मागच्या अरुंद फटीत त्यांचा हात जाईना. सुमित्राबाईंनी बांगड्या वर सारल्या आणि आपला हात घातला.

"काहीतरी मऊ लागतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, हे तर लिंबू आहे."

त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"आणि मिरच्यासुद्धा आहेत," सुमित्राबाई दोरा तोडून ते बाहेर काढत म्हणाल्या.

"सांगतो," त्र्यंबकराव घाईघाईनं म्हणाले. "सांगतो. हे मीच बांधलं. दीपा पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली होती ना, लायब्ररीत, सोळा वर्षांची... त्या सकाळी मी डेव्हन अॅव्हेन्यूच्या देशी दुकानातून आणलेल्या मिरच्या... तू झोपली होतीस. मूर्खपणा आहे, मला माहीत आहे. काहीही होत नसतं त्यानं. पण बांधलं खरं."

हेमचंद्रांनी विचारलं, "म्हणजे हे त्या चाळीस मिनिटांच्या भाषणाआधीचं की नंतरचं?"

"नंतरचं," त्र्यंबकराव पुटपुटले.

सुमित्राबाई हसत हसत पिकअपच्या पायरीवर बसल्याच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण हातातलं लिंबू त्यांनी वर धरलं होतं, आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांचं हसू थांबलं.

"अहो, आठ वर्षांचं लिंबू असं असतं का?"

नसतं. हे लिंबू मुठीएवढं होतं, पिवळंधमक, बाजूंनी जरा सुरकुतलेलं, पण चांगलं रसदार. खाली सात गलेलठ्ठ हालापेन्यो मिरच्या, भज्यांना घेतात तसल्या. त्र्यंबकराव वाकले आणि त्यांनी बॉनेटच्या बिजागरीमागे बोट घातलं. तिथून निघालं ते त्यांचं स्वतःचं, सुपारीसारखं काळं टणक झालेलं, मिरच्यांच्या जागी नुसते देठ. ते आठ वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात होतं. गुन्हेगार ते नव्हतंच. आणि त्र्यंबकराव मात्र सगळं कबूल करून बसले होते.

"मग हे कुणी बांधलं?" हेमचंद्र म्हणाले. "वहिनी?"

"मी? यांनी घरातून काढलं असतं मला!" सुमित्राबाई लिंबू नाकाशी नेऊन हुंगत होत्या. "पुदिन्याचा वास कशाला येतोय याला?"

वास लिंबाला नव्हता, दोऱ्याला होता. पांढरा, चपटा, मेण लावलेला दोरा. दात साफ करायचा. त्यानंच ते अवजड प्रकरण थेट सेंडरच्या वायरला बांधलं होतं, गाठीवर गाठ मारून. डावीकडे वळलं की लिंबू झोका घ्यायचं, वायर ओढायचं, आणि तिच्या टोकाची पकड सैल पडून काटा शून्यावर यायचा.

दोन आठवड्यांपूर्वी मदर्स डेला दीपा आणि जावई शैलेंद्र येऊन गेले होते. त्या रविवारी पोटाला सांभाळत दीपा गॅरेजमध्ये गेली होती आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती. 'ऑइल चेक करत होते,' असं सांगितलं होतं तिनं.

त्र्यंबकरावांनी दोन्ही लिंबं पुढच्या सीटवर ठेवली. वायरच्या टोकाची पकड चिमट्यानं घट्ट केली. परत येताना प्रत्येक वळण डावीकडचं घेतलं, काटा पंचेचाळीसवरून ढळला नाही, आणि ते एकही शब्द बोलले नाहीत. हेमचंद्रांनी पुढे सगळ्या मंडळाला सांगितलं की त्र्यंबक पाऊण तास गप्प बसल्याचं त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

शनिवारी बंगई पिकअपवर चढली. सात तास त्र्यंबकराव एक डोळा काट्यावर ठेवून गात होते आणि सुमित्राबाई दर दहा मैलांनी "रस्त्याकडे बघा" म्हणत होत्या.

रविवारी ईडन प्रेरीच्या दिवाणखान्यात हिरव्या साडीतली, फुलांनी मढलेली दीपा त्या बंगईवर बसली. पुरुषांना खाली बेसमेंटमध्ये पिटाळलं होतं. पण वर गाणी सुरू झाली तशी बंगई कुरकुरायला लागली, आणि दहा मिनिटांत त्र्यंबकराव तेलाची बुधली घेऊन चाळीस बायकांमध्ये येऊन उभे. कडीत तेल घालता घालता त्यांनी खिशातून ते पिवळं लिंबू काढलं.

"हे तुझं?"

दीपानं जीभ चावली. "ओ नो. तुम्हाला दिसलं?"

"काट्याला दिसलं," त्र्यंबकराव म्हणाले. "वायरला बांधलं होतंस तू."

"आय अॅम सो सॉरी, बाबा! मी तुमचंच बघून केलं. एकटी ड्राइव्ह करायला लागल्यावर फर्स्ट टाइम ऑइल चेक केलं, तेव्हाच मला ते दिसलं होतं. आय थॉट इट वॉज अ पार्ट!"

"पार्ट?"

"इंजिनचा! स्कूलमध्ये गाडी रिपेअर शिकवणाऱ्या ऑटो शॉपच्या टीचरला मी विचारलं, लिंबू कुठे बसवायचं. त्यानं मला नर्सकडे पाठवलं."

बायका खो खो हसायला लागल्या. सुमित्राबाईंच्या हातातला ओटीचा नारळ घरंगळत सोफ्याखाली गेला.

"मग नंतर शिकागोला एका दुकानाच्या दारावर बघितलं आणि कळलं," दीपा म्हणाली. "पण तुम्ही बांधलं होतं ना. तुम्ही रीझनशिवाय काही करत नाही. मला वाटलं, काहीतरी रीझन असणार, कधीतरी सांगतील. मग तुम्ही म्हणालात, एवढं लाकूड घेऊन चारशे मैल ड्राइव्ह करणार. तुमचं लिंबू तर संपलेलं होतं. म्हणून..."

त्र्यंबकरावांपाशी प्रत्येक गोष्टीचं कारण असे. या एका गोष्टीपाशी मात्र त्यांनी बुधलीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. "कारण काही नव्हतं गं. तू एकटी निघालीस आणि मला भीती वाटली. एवढंच."

"मलापण एवढंच," दीपा म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी पितळी कडी घट्ट धरली आणि बापाकडे बघितलं. "आणि बाबा, या वेळी मी सोडणार नाही हं. आय रिमेंबर."

त्र्यंबकरावांनी तेलाची बुधली चुकून लाडवांच्या ताटात ठेवली आणि बंगईला एक झोका दिला. बंगई कुरकुरली नाही.

सोमवारी सकाळी निघताना दीपानं स्वतः बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, वाचली. मग ते पिवळं लिंबू आणि पुदिन्याचा दोरा काढला.

"तिथे नको, ती वायर आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "इकडे. बिजागरीला. गाठ घट्ट मार."

सुमित्राबाई हे सगळं बघत होत्या. त्या भाषणाची आठवण द्यायचा मोह त्यांनी आवरला, तो तब्बल पहिल्या कोपऱ्यापर्यंत. तिथे डावीकडे वळायचं होतं. त्र्यंबकरावांनी स्टिअरिंग फिरवलं आणि नजर खाली नेली. काटा पंचेचाळीसवर ठाम उभा होता. आरशात दीपा अजून दारात हात हलवत होती, आणि त्यांची नजर आता तिथेच खिळली होती.

"अहो," सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "रस्त्याकडे बघा."